ज्याच्या त्याच्या बोटांचा एडिटर

चार माणसं दिवसभर एका खोलीत बसली की किस्से साठतातच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बेळगावात आमचं छोटंसं कॉम्प्युटर सेंटर होतं. तिथले निम्मे किस्से एडिटरचे. एडिटर म्हणजे ज्यात प्रोग्रॅम टाइप करायचा ते सॉफ्टवेअर. आमच्या एडिटरमध्ये कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं, हे आपणच ठरवायचं. त्याहून चांगला एडिटर मी आजवर पाहिला नाही.

*

शहापूरची शैलाक्का आमच्यात सीनियर. प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर तोच दहा ओळींचा मथळा टाइप करून ती कंटाळली आणि तो सगळा तिनं एका बटणावर बसवला. मागं उभे असलेले सेंटरचे प्रमुख देसाई सर थक्क झाले.

"काय स्पीड आहे हो तुमचा!"

"एकच बटण दाबलंय, सर."

*

एकदा मी आक्काच्या जागेवर बसलो. काम सेव्ह करायला माझं नेहमीचं बटण दाबलं, तर अख्खी ओळ गायब.

"आक्का, ओळ गेली की."

"माझ्या मशीनला तुझी सवय न्हाय रं."

सरांनी हे ऐकलं आणि बजावलं, "सोमवारपासून हा एडिटर बंद. सगळ्यांना एकच साधा एडिटर, एकसारखी बटणं."

*

त्याच आठवड्यात आमच्यातला निपाणीचा निवास कांबळे अपघातानंतर कामावर परतला. वडील तंबाखूच्या वखारीत ओझी उचलायचे. ऑफिसात खुर्चीवर बसणारा घरातला हा पहिलाच. कोगनोळीजवळ स्कूटर घसरली होती आणि त्याचा डावा हात कायमचा अधू झाला होता.

"आक्का, मी नोकरी सोडतो. दोन बटणं एकदम दाबायची तर दुसरा हात कुठनं आणू?"

"सोड नंतर. आधी उजवा हात ठेव बघू. बोटं कुठवर पोचत्यात?"

दुपारभर दोघं बसली. जोडीनं दाबायची सगळी कामं तिनं उजवीकडच्या एकेका बटणावर आणली. संध्याकाळी निवासनं पहिला प्रोग्रॅम चालवला.

सोमवारी सर एडिटर काढायला आले. निवासच्या मागं उभे राहिले. तो एका हातानं सरसर काम करत होता. सरांनी शेजारची खुर्ची ओढली.

"कांबळे, यात खालच्या ओळीवर कसं जायचं?"

निवासनं मान वळवली.

"तुम्हाला कुठल्या बटणानं जायचंय, सर?"