आमच्या साडूंचा शेजार

बहरीनमध्ये आमच्या साडूंइतकी घरं कुणी बदलली नसतील, आणि विशेष म्हणजे त्यांना यातलं एकही घर कधी नावडलं नाही. नावडायचा तो शेजार. हे पुण्याचे इंजिनिअर, पण घर बघायला गेले की नळ, एसी, खिडक्या यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. लिफ्टपाशी उभे राहून कोण आत जातं, कोण बाहेर येतं ते न्याहाळत. दाराबाहेरच्या चपलांवरून ते माणसाचा देश ओळखत आणि बहुतेक वेळा चुकत. जुफैरला शेजारी फिलिपिनो मुली आल्या आणि सुट्टीच्या दिवशी माईकवर गाऊ लागल्या, तेव्हा "हा एरिया आता आपला राहिला नाही" असं जाहीर करून त्यांनी सामान बांधलं. त्यातलंच एक गाणं पुढे कितीतरी दिवस ते दाढी करताना गुणगुणत असत, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

सलमानियाला मात्र ते रमले. मजल्यावर सगळी मराठी आणि गुजराती कुटुंबं, दिवाळीला दारोदार फराळाची ताटं. मग एकेक कुटुंब भारतात परतलं आणि समोरच्या फ्लॅटमध्ये केनियाची एक नर्स नवरा-मुलांसह आली. ती भेटली की आदराने "गुड मॉर्निंग, पापा" म्हणे. हे 'पापा' साडूंना फार लागलं. घर कुणाला द्यायचं याचे मालकांनी काही नियम करायला हवेत, माणसं बघून भाडेकरू घ्यावेत, असं ते आठवडाभर ऐकवत होते. शेवटी त्यांनी घर सोडण्याची नोटीस देऊन टाकली. माझी मेव्हणी, म्हणजे ताई, एवढंच म्हणाल्या की तुम्ही घरं बघा, मी इथे बरी आहे.

अमवाजचं घर बघायला त्यांनी मला सोबत नेलं. ब्रोकर रत्नागिरीकडचे, साडू त्यांना भाई म्हणत. गॅलरीतून समुद्र, खाली बोटी, लिफ्टमध्ये एक गोरं जोडपं. साडूंनी सोफा कुठे ठेवायचा तेही ठरवलं. भाईंनी मालकाला फोन लावला, अरबीत बोलता बोलता गॅलरीत गेले आणि परत आले ते हातातली किल्ली उगाच फिरवत.

"साहेब, मालक इंडियन फॅमिलीला देत नाय. फोडणीचा वास बसतो म्हणतो. शेजाऱ्यांनी पन सांगितलंय, इंडियन आले की एरिया आपला राहत नाय." मग खाली बघत म्हणाले, "माफ करा. मला आधी बोलला नव्हता."

साडू स्वयंपाकघरात एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "ओटा लहानच आहे तसा."

परतताना, एरवी दुसऱ्यांच्या ड्रायव्हिंगवर अखंड टीका करणाऱ्या या माणसाने मागच्या प्रत्येक गाडीला पुढे जाऊ दिलं. सलमानियाच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "आपल्या घराला वास येतो का हो?"

"येतो," मी म्हटलं. "ताईंच्या आमटीचा."

"चांगला असतो ना?"

"चांगलाच असतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोटीस मागे घेतली. ताईंना कारण सांगितलं, ओटा लहान होता. काही महिन्यांनी वरच्या मजल्यावर एक इथिओपियन जोडपं घर बघून गेलं, तेव्हा जुन्या भाडेकरूंची हरकत आहे का, असं मालकाने वॉचमनकरवी विचारलं. हरकत कसली, साडू म्हणाले, फक्त त्यांना सांग, त्या बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो. समोरची नर्स अजून त्यांना पापा म्हणते. आता तेही "गुड मॉर्निंग, बेटी" म्हणतात, आणि शाळेतून आलेल्या तिच्या मुलांना चकल्यांचा डबा कुठे ठेवलाय ते विचारावं लागत नाही.

हिवाळ्यात आम्ही सगळे कधीमधी अमवाजला फिरायला जातो. त्या बिल्डिंगच्या बाजूने साडू जात नाहीत. परवा ते मुलांबरोबर पुढे गेल्यावर ताईंनी मला हळूच विचारलं, "त्या घराचा ओटा खरंच लहान होता?"

मी हो म्हटलं. ताई "बरं," म्हणाल्या, आणि पावलं उचलून साडूंच्या शेजारी चालू लागल्या.