जम्मूच्या मित्राचा अर्ज

२००८च्या मंदीत माझी नोकरी गेली, तेव्हा शारजातल्या आमच्या कारखान्याचा स्टोअरकीपर मला, बायकोला आणि मुलाला स्वतःच्या घरी घेऊन गेला. तो जम्मूचा. मला दुसरी नोकरी मिळेपर्यंत चार महिने आम्ही त्याच्या हॉलमध्ये राहिलो, पण "पुढे काय?" असं त्याने एकदाही विचारलं नाही. सख्ख्या नातेवाइकांनी तेव्हा फोन उचलणं बंद केलं होतं.

अकरा वर्षांनी त्याच्या राज्याचा केंद्रशासित प्रदेश झाला. माणूस पार खचला. "भाईसाब, हमारी रियासत थी," एवढंच म्हणायचा. मग राज्याचा दर्जा परत मिळावा म्हणून त्याने दिल्लीला हाताने अर्ज लिहिला, इथल्या सात-आठ गाववाल्यांच्या सह्या घेतल्या. ईमेलवर त्याचा विश्वास नव्हता. अर्ज रजिस्टर टपालानेच जायला हवा, तोही भारतातून.

आखातातून कुणी गावी निघालं की त्याच्या बॅगेत दहा घरांची पाकिटं जातात. नाही म्हणायची पद्धत नाही. मी पुण्याला निघालो होतो. त्याने माझी सही मागितली नाही, फक्त टपालात टाका म्हणाला. पोच माझ्या पुण्याच्या पत्त्यावर यायची होती.

विमानतळावरच्या रांगेत मला त्या पाकिटाची भीती वाटायला लागली. इथे आखातात राजकीय अर्जासाठी सह्या गोळा केलेल्या चालत नाहीत. पकडलं तर व्हिसा, मुलाची शाळा, सगळं खलास. आपण बरे, आपलं काम बरं, हे आम्हा पगारदारांचं बाळकडू. स्वच्छतागृहात जाऊन मी पाकीट फाडलं आणि कचऱ्यात टाकलं. बाहेर आलो तर बॅगेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

परतल्यावर त्याला टपालात टाकलं म्हणून सांगितलं. दर शुक्रवारी तो पोच आली का विचारायचा. सरकारी काम आहे, इन्शाल्ला येईल, असं मी म्हणायचो. खरं सांगायला जीभच रेटली नाही. दोन वर्षांनी तो करोनात गेला.

घरी भेटायला गेलो तेव्हा इथेच वाढलेली त्याची मुलगी दारात आली.

"अंकल, पापा वॉज सो अँग्री विथ डेल्ही," ती म्हणाली. "बट ही ऑल्वेज सेड, माय फ्रेंड डिड हिज पार्ट."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेव्हाही गप्पच राहिलो.