शाईची बाटली

बरकतपुऱ्यातली माझी सरोजआत्या सरकारी शाळेत मास्तरीण. आमदार वारले, पोटनिवडणूक लागली आणि मतदारांच्या बोटाला शाई लावायचं काम आत्याकडे आलं. दुपारी एक गुंड टोळकं घेऊन केंद्रात घुसला. त्यांना बोगस मतं टाकायची होती. आत्या आडवी आली, तशी त्याने लोखंडी खुर्ची घालून तिचा डावा हात मोडला. दारातले पोलीस नुसते बघत राहिले, मुर्दाड मेले. आत्याने उजव्या हाताने शाईची अख्खी बाटली त्याच्या थोबाडावर ओतली.

संध्याकाळी इन्स्पेक्टर तक्रार लिहून घ्यायला दवाखान्यात आला. म्हणाला, “नामालूम आदमी लिख देता हूँ, अम्मा.”

“अनोळखी कसा?” आत्या म्हणाली. “महिनाभर ती शाई निघत नाही. उन्हात तर आणखी काळी पडते.”