बाजूने दिसणारी हनुवटी

भूलतज्ज्ञ असल्या तरी सगळं हॉस्पिटल त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या मुलांच्या वॉर्डात यायच्या. "मोठ्ठा आ कर बघू," म्हणायच्या, मान मागे करायला लावायच्या, हनुवटी बाजूने न्याहाळायच्या. भूल दिल्यावर श्वासाची नळी सरळ जाईल की अडेल, याचा अंदाज त्यावरून यायचा. घरच्या समारंभातही ही खोड सुटेना. दीर म्हणायचे, "वहिनी, पोरांना जेवू तरी द्या."

एका शिंप्याची मुलगी आली, तेव्हा तिचा आ बोटभरच उघडत होता. लहानपणी झोक्यावरून पडून जबड्याचा सांधा आखडलेला; तो सोडवायचं ऑपरेशन ठरलं होतं. हनुवटी वाढलीच नव्हती.

"झोपेत घोरते का?"

"घोरते. मध्येच श्वास अडकतो. मग हिची आई कुशीवर वळवते," शिंपी म्हणाला.

"नाकातून दुर्बिणीने नळी घालून बघते. नाहीच गेली तर गळ्याला छेद द्यावा लागेल."

"पण तशी वेळ येणार नाही ना?"

"येऊ शकते."

ऑपरेशनच्या दिवशी बाईंनी कान-नाक-घशाच्या सर्जनना हातमोजे घालून शेजारी उभं केलं होतं. दुर्बीण आत जाताच नाकातून रक्त आलं, पुढचं काही दिसेना. मुलीचे ओठ काळेनिळे पडले, नाडी मंदावली.

"गळा उघडा," बाई म्हणाल्या.

छेदातून नळी गेली, रंग परतला. पण जबड्याला त्या दिवशी हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

बाहेर शिंप्याने सगळं ऐकून घेतलं. "तुम्हाला आधीच कळलं होतं. तरी आत नेलंत?"

नेलं नसतं तर घरी झोपेतच गेली असती, हे बाईंच्या ओठांवर आलं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्या मुलीकडे परत आत गेल्या.

पुढे गळ्यातल्या नळीतूनच भूल देऊन जबडा सोडवला. तोंड दोन बोटं उघडायला लागलं, पण आवाज घोगरा झाला तो झालाच. तपासणीला आणताना शिंपी दाराबाहेर थांबायचा, बाईंशी बोलायचा नाही.

मुलगी मात्र बोलायची. आवाज फुटावा म्हणून गळ्यातल्या भोकावर बोट दाबून एकदा तिने विचारलं, "हे कधी बुजवणार?"

"इतक्यात नाही. हनुवटी अजून मागेच आहे, झोपेत श्वास अडेल," बाई म्हणाल्या. मुलीने मान खाली घातली आणि फ्रॉकची कॉलर वर ओढून घेतली.