यूपीएसवरचा गूळ

हिंगणघाटातल्या, कापसातली सरकी काढणाऱ्या ज्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बाबू आहे, तिथे गेल्या हंगामात नवे कॉम्प्युटर आले आणि नेमके मुहूर्ताच्या दिवशी बसवायला घेतले. मुहूर्त म्हणजे हंगामातला पहिला कापूस काट्यावर चढतो तो दिवस. एरवी शेटजी कापसाचा ओलावा बघून भाव कापतात; त्या दिवशी मात्र ज्याची गाडी पहिली, त्याला शेला, टोपी, नारळ आणि शेटजींसोबत फोटो. हा मान दरवर्षी एकाच ट्रॅक्टरवाल्या काकाजींचा. त्यांच्या घरी शेले इतके साठलेत, की त्यांची म्हैससुद्धा शेला पांघरल्याशिवाय दूध देत नाही.

त्या दिवशी मात्र फाटक उघडलं, तर सगळ्यात पुढे अल्लीपूरच्या एका मावशीची बैलबंडी. रात्रभर हाकत आली होती.

"लगनापासून मालकाले म्हणून राह्यली, एकदा तरी पयला नंबर लावा," मावशी म्हणाली. "थे पाहा मालक."

मालक मागे कापसावर आडवे होते. घोरण्याने बंडीची चाकं हलत होती.

बंडी काट्यावर चढली, बैल माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. आत माझं युद्ध चाललं होतं. काट्याचं सॉफ्टवेअर सकाळपासून बसायला तयार नव्हतं. आधी म्हणालं, जागा नाही. मग म्हणालं, हा प्रिंटर कोण, मी याला ओळखत नाही. मग पासवर्ड मागितला. मी होते नव्हते ते सगळे दिले, सासुरवाडीच्या गायीचं नावही दिलं. शेवटी हिरवी पट्टी रखडत रखडत टोकाला पोचली आणि पाटी आली: मशीन बंद करून पुन्हा चालू करा.

बटणाकडे बोट नेलं, तर शेटजींनी माझं मनगट धरलं.

"बाबू, काय करून राह्यला?"

"बंद करून चालू करतो, शेटजी."

"मुहूर्ताले? पूजा झालेली मशीन पयल्या वजनाआधी बंद? एका साली मुहूर्तालेच पट्टा तुटलता. सारा हंगाम जिनिंग कण्हत राह्यली."

"पण बंद केल्याबिगर वजन होत नाही."

"अन वजन झाल्याबिगर बंद होत नाई. इंजिनिअरले विचार."

नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याचं एकच, "सर, रिस्टार्ट मारा." जेवलास का विचारलं असतं, तरी त्याने तेच सांगितलं असतं. शेटजी खुर्ची ओढून थेट बटणांसमोर बसले. आता मुंगीलाही तिकडे वाट नव्हती.

तेवढ्यात काकाजी आत आले. "शेटजी, मागच्या गेटवर जुना काटा हाये ना. राहुकाळ लागून राह्यला. आपला ट्रॅक्टर तिकडून घेऊन टाका. मावशीचं मंग होईन सावकाश."

शेटजींनी घड्याळ पाहिलं. खिडकीबाहेर मात्र पाहिलं नाही. "चहा होऊ द्या, मंग घेऊ," ते म्हणाले. काकाजी ट्रॅक्टर वळवायला गेले.

मावशीने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. हळूच म्हणाली, "बाबू, थे कायनं बंद होते?"

"बटणानं होते, पण तिथे शेटजी बसलेत. नाहीतर या डब्यानं." मी खिडकीच्या फळीवरच्या यूपीएसकडे हनुवटी केली.

तो डबा गुणगुणतो आणि त्याला हिरवा दिवा आहे. त्यामुळे खरा देव तोच, असं समजून शेटजींनी सगळी पूजा त्याचीच केली होती. हळद, कुंकू, झेंडू, आणि नेमका बटणावर गुळाचा भला मोठा खडा. कॉम्प्युटर बिचारे कोरडेच राहिले होते.

मावशीने कासरा जरासा सैल सोडला.

बैलाने मुंडकं आत घातलं. त्याची जीभ, शपथेवर सांगतो, माझ्या हातापेक्षा लांब होती. पहिल्या फटक्यात गूळ गेला. मग झेंडू गेला, कुंकू गेलं, आणि गोडी उरली होती ती बटणावर. टक् झालं. सगळे स्क्रीन काळे.

शेटजी उठले.

"मावशी, हे काय केलं?"

"म्या त बोट नाई लावलं, शेटजी. मुहूर्ताले नंदी दारात आला, तुमचा परसाद खाल्ला. त्याले हाकलाचं असन त तुम्हीच हाकला. माही नाई हिंमत."

शेटजींनी बैलाकडे पाहिलं. बैल नाकपुडीवरचं कुंकू चाटत होता. मग शेटजींचे हात आपोआप जोडले गेले.

"बाबू, कर चालू."

चालू केलं. सॉफ्टवेअर असं शहाण्यासारखं उघडलं, जणू सकाळपासून वाटच पाहत होतं. काट्याचा आकडा झळकला, प्रिंटरने पावती बाहेर टाकली. काकाजींचा ट्रॅक्टर मागच्या गेटच्या वळणावर होता, तो तिथेच राहिला.

शेला मावशीच्या खांद्यावर पडला. टोपीचं काय करावं ते शेटजींना सुचेना, तेव्हा मावशीने ती घेतली आणि बैलाच्या शिंगात अडकवली. फोटो तसाच निघाला.

पावती बघून शेटजी म्हणाले, "मावशी, मालकाले उतरवा न वजन पुन्हा करू. नाईतर थे कापसाच्या भावात जातीन."

मावशीने शेला सारखा केला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"राहू द्या, शेटजी. ओलावा लय हाये त्यायच्यात. तुम्ही भाव कापान."