खवल्या मांजराचा नैवेद्य

जिंतूरकडच्या आमच्या शेतात कापूस वेचायला मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी काकूच्या शिव्या खाते, कारण माझ्या कापसात काडीकचराच जास्त. यंदा शिव्या देता देता ती मध्येच थांबली. मेंढरांमागची कुत्री बांधाखाली कशाला तरी घेरून भुंकत होती.

खवल्या मांजर! खवल्यांचा नुसता गच्च गोळा. तोंड कुठं, शेपूट कुठं, पत्ताच नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि आनंदानं ओरडलेच. कुत्री हाकलून वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. "हात लावू नका. माणसं हटवा, ते आपल्या पायानं जाईल. उन्हात राहिलं तर मात्र जगायचं नाही," तो म्हणाला.

माणसं हटवा म्हणे! वेचणीचा पहिला दिवस, म्हणून पूजेचं सामान शेतातच होतं. पोखर्णीच्या नरसिंहाच्या भक्त काकूनं तोवर "देवच आला" म्हणत गोळ्यावर हळदकुंकू वाहिलंसुद्धा. सगळ्या वेचणाऱ्या बायका हात जोडून उभ्या. तेवढ्यात शेजारच्या शेतातले तात्या पक्कड घेऊन आले.

"एकच खवलं काढतो. नातू झोपंत लय दचकायलाय, गळ्यात बांधावं म्हणतो."

"देवाला पक्कड लावता व्हय तात्या?" काकू कडाडली.

तात्या ओशाळले, पण हलले नाहीत. कुणीच हलेना. मी कायदा सांगितला, मुंग्या-वाळवी खाऊन ते शेताचं भलं करतं हेही सांगितलं. ऐकतंय कोण? ऊन चढत होतं, माझं डोकं तापलं होतं. मग एकदम सुचलं.

"काकू, नैवेद्य दाखवायचाय ना? मग पडदा नको?"

देव जेवताना बघायचं नाही, हे तिला मी शिकवायची गरज नव्हती. तिनं पुढ्यात दहीभात ठेवला. गाठोडी बांधायची जुनी लुगडी बायकांनी आडवी धरली आणि सगळे पाठमोरे झाले. पक्कड काखेत मारून एक टोक तात्यांनीही धरलं. मी तेवढी निर्लज्ज, फटीतून बघत राहिले.

बऱ्याच वेळानं गोळा सैल झाला. लांबुडकं नाक बाहेर आलं. मग पोटाजवळून एक फिकट, मऊसं पिल्लू सरपटत निघालं आणि आईच्या शेपटीवर चढून बसलं. दहीभाताकडं न बघता आई झुडपांत शिरली.

"जेवला का देव?" तात्यांनी न वळताच विचारलं.

"गेली," मी म्हणाले. "पोटाशी पिल्लू होतं, तात्या."

तात्यांनी पक्कड गुपचूप खिशात घातली. काकूनं मात्र कपाळावर हात मारला.

"आगं माय, लेकुरवाळी होती! अन् म्या भात एकटीपुरताच वाढला की!"