कोपर निकस झालं म्हणून

“एल्बो? कोपर्निकसचं नाव एल्बोवरून? हू टोल्ड यू दिस नॉनसेन्स?” सायन्सच्या टीचर माझ्या मुलीवर ओरडत होत्या, शाळेचं अख्खं प्रदर्शन वळून बघत होतं, आणि मी तीन पावलांवर, हातात तिचा डबा धरून उभा!

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि मी कोण? मस्कतमध्ये वादी कबीरच्या गॅरेजात बसून, सहमच्या समुद्रात ट्रकएवढी सुरमई ओढली म्हणून शपथेवर सांगणारा!

दोन हजार पंधरा साल. गार्गी सहावीत. मस्कतमध्येच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. तिच्या वाट्याला कोपर्निकस आला होता. पहिली आली की दुसऱ्या शाळांशी स्पर्धा — त्यासाठी महिनाभर खपत होती पोर. एका शुक्रवारी जेवताना तिने विचारलं, याचं नाव असं का? आता मला ‘माहीत नाही’ म्हणता येतं का? दिलं ठोकून — बिचारा वर्षानुवर्षं खिडकीत कोपर टेकून आकाश बघायचा, दगडाला खळगा पडला आणि कोपर पार निकस झालं. म्हणून कोपर-निकस! बायको ठसका लागेपर्यंत हसली. गार्गी नाही हसली. ‘निकस’ म्हणजे काय, तेवढं विचारून घेतलं — कस गेलेलं, मी म्हणालो — आणि वहीत लिहिलं. बाबांनी सांगितलं ना!

वर त्या माणसाला नावं ठेवली ती मीच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कळलेलं, पण लोक हसतील म्हणून पुस्तक दडवून बसला, पार म्हातारा होईपर्यंत! भित्रा कुठला! मी असतो तर मत्रहच्या बाजारात उभा राहून बोंब ठोकली असती.

ठोकली का?

परीक्षक हसले. पालक हसले. अहो, अकरा वर्षांच्या पोरीला असं हसतात? तिने बल्बचा सूर्य केला होता, भोवती ग्रह फिरत होते — एकाने तरी पाहिलं? डोकं सणकलं होतं माझं, दात ओठ खात होतो. तेवढ्यात टीचर माझ्याकडे वळल्या. गार्गीनेही पाहिलं. बोट नाही दाखवलं — नुसतं पाहिलं.

आणि मी — हसलो. “क्या करें मॅडम, आजकल के बच्चे! इंटरनेट पे कुछ भी पढते हैं.”

एवढंच. दोन वाक्यं. त्या टीचरवरचा राग तर मी वर्षानुवर्षं जपला, फुलवून फुलवून! सोयीचा होता. ती ओरडली ते सगळ्यांसमोर. मी केलं ते कुणाला दिसलंसुद्धा नाही. आणि तो पोलंडचा म्हातारा — त्याने स्वतःचं खरं दडवलं, दुसऱ्याच्या पोरीवर खोटं नाही ढकललं. मी तर स्वतःच्याच.

दुपारी सगळं आवरून गाडीत बसलो. चावी लावली. मग म्हणालो, “उद्या येऊन टीचरना सांगतो, ती गोष्ट माझी होती.”

गार्गी सीटबेल्ट लावत होती.

“नको. मी सॉरी लेटर दिलं. त्यात लिहिलं, मीच बनवली.”